कोणती प्रत खरी?

सेलूच्या एका शाळेत मुले पाऊस मोजतात. आवारात एक साधा पर्जन्यमापक आहे. भारतीय हवामानशास्त्र विभाग पाळतो तीच, म्हणजे सकाळी साडेआठची वेळ साधून दोन विद्यार्थी त्यातील पाणी मोजतात आणि मिलिमीटरमध्ये वहीत नोंद करतात. सेलू हा काळ्या जमिनीचा, कापूस-सोयाबीन-तुरीचा तालुका. पाऊस किती झाला यापेक्षा मध्ये खंड किती दिवसांचा पडला, याची चर्चा तेथे घरोघर होते. म्हणून मुलांनी सर्वांत लांब खंड शोधणारी एक छोटी आज्ञावली पायथॉन भाषेत लिहिली.

वहीतील आठ दिवसांच्या नोंदी अशा होत्या : ०, १.२, ०, २.५, ०, ०.८, १४, ०. एका संगणकाने उत्तर दिले, सर्वांत लांब खंड ३ दिवसांचा. दुसऱ्या संगणकाने सांगितले, ६ दिवसांचा! वही एकच, आज्ञावलीचे नाव एकच, उत्तरे मात्र दोन.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून कारण शोधून पाहावे. हवामानशास्त्र विभागाच्या व्याख्येनुसार ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, तो ‘पावसाचा दिवस’. एका प्रतीत ‘२.५ किंवा त्याहून जास्त’ अशी अट होती. दुसरीत कोणीतरी ती ‘२.५ पेक्षा जास्त’ अशी केली होती. त्यामुळे नेमका २.५ मिलिमीटरचा चौथा दिवस कोरडा ठरला आणि पहिले सहाही दिवस एकाच खंडात गेले. एका चिन्हाने खंड दुप्पट झाला. जागतिक हवामान-अभ्यासात पुष्कळदा वापरली जाणारी १ मिलिमीटरची मर्यादा लावली असती, तर तोच खंड २ दिवसांचा निघाला असता.

चूक सापडली, मुले हसली आणि कामाला लागली. मी मात्र हसू शकलो नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याच हातून हेच घडले होते. मराठवाड्यातील पावसाच्या खंडांविषयीचा आमचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी एका तरुण सहकाऱ्याने त्यातील तक्ता पुन्हा काढून मागितला. माझ्या संगणकावर त्या आज्ञावलीच्या सात प्रती होत्या : ‘खंड’, ‘खंड नवीन’, ‘खंड अंतिम’, ‘खंड अंतिम दुरुस्त’ अशा. छापलेला तक्ता सातांपैकी एकीतूनही निघेना. मर्यादा केव्हा बदलली, कोणी बदलली, का बदलली, काहीच लिहून ठेवलेले नव्हते. सहा आठवडे अटी उलटसुलट करून पाहिल्यावर जुने आकडे जुळले आणि मग कळले, की छापलेली अटच चुकीची होती. आम्ही दुरुस्तीपत्र पाठवले. हवामानावर आधारित फळपीक विम्यासारख्या योजनांत पावसातील खंडाचे दिवस मोजून भरपाई ठरते; अशा ठिकाणी ‘कोणती प्रत खरी?’ हा प्रश्न केवळ विद्वानांचा राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या साधनांचे दोन वर्ग आहेत. पहिला, आवृत्ती-नियंत्रणाची साधने : ती प्रत्येक बदलाचा इतिहास राखतात. दुसरा, कोड शोधण्याची साधने : हजारो ओळींत हवी ती ओळ दाखवतात. ती कशी चालतात आणि आपल्या कामासाठी कोणती निवडावीत, ते पाहू.

जुना रोग, जुने वैद्य

ही अडचण संगणकाने निर्माण केलेली नाही. जेथे प्रत काढली जाते, तेथे पाठभेद येतोच. सेलूप्रमाणेच मराठवाड्यात असलेल्या पैठणला संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ १२९० चा. जवळजवळ तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते. एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली.

याहून प्रचंड काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात झाले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ १९१९ चा. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. काम पुरे झाले १९६६ मध्ये. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते उपयोगात आणली गेली. पद्धत अशी : चौकटी आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत श्लोक लिहायचा आणि खाली प्रत्येक हस्तलिखितातील फक्त वेगळी अक्षरे त्या त्या चौकटीत भरायची. फरक तेवढा टिपायचा, सारखे ते पुन्हा लिहायचे नाही.

संगणकातील ‘डिफ’ नावाची आज्ञावली हेच करते. बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय व जेम्स हंट यांनी १९७० च्या दशकात ती घडवली. दोन फाइली दिल्या, की दोहोंत समान असलेल्या ओळींचा सर्वांत लांब क्रम ती शोधते आणि उरलेल्या ओळी फरक म्हणून दाखवते. आमच्या मुलांच्या फाइलींतील फरक तिने असा दाखवला असता :

− जर पाऊस > २.५
+ जर पाऊस >= २.५

वजाची ओळ गेली, अधिकची आली. सात प्रती डोळ्यांनी ताडण्यापेक्षा हे किती सोपे!

समान पूर्वज का हवा?

पण फरक कळला म्हणजे सारे कळले असे नाही. समजा, एका प्रतीत एक ओळ आहे आणि दुसरीत ती नाही. पहिल्याने ती घातली, की दुसऱ्याने ती गाळली? केवळ दोन प्रती पाहून हे सांगता येणार नाही. दोन्ही ज्या प्रतीवरून निघाल्या, तो समान पूर्वज पाहावा लागतो. पूर्वजात ओळ असेल तर ती गाळली गेली; नसेल तर ती घातली गेली.

महाभारताच्या संपादकांची खरी अडचण हीच होती. पूर्वज-प्रती काळाच्या ओघात नष्ट झालेल्या. म्हणून हस्तलिखितांची वंशावळ अनुमानाने बसवावी लागली. आवृत्ती-नियंत्रणाचे साधन ही वंशावळ बदल होत असतानाच लिहून ठेवते. ज्यासाठी विद्वानांच्या दोन पिढ्या लागल्या, ते येथे क्षणात होते, कारण येथे पूर्वज हरवतच नाही.

दोघांचे काम एकत्र करताना याचा उपयोग होतो. एका विद्यार्थिनीने मर्यादेची ओळ सुधारली, दुसऱ्याने नोंदी वाचण्याचा भाग बदलला. साधन दोन्ही फाइली पूर्वजाशी ताडते आणि दोन्ही बदल एकत्र घेते. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर मात्र ते थांबते आणि निर्णय माणसावर सोपवते. ते योग्यच आहे. ‘जास्त’ की ‘किंवा त्याहून जास्त’ हे हवामानशास्त्र ठरवील, यंत्र नाही.

साधनांची वाटचाल

असे पहिले प्रसिद्ध साधन, ‘एससीसीएस’, मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिले. वॉल्टर टिची यांचे ‘आरसीएस’ १९८२ च्या सुमारास आले. या दोन्हींत प्रत्येक फाइलचा इतिहास सुटा राहत असे आणि एकाने फाइल घेतली, की दुसऱ्याने थांबावे अशी साधारण रीत होती; ग्रंथालयात पुस्तकाची एकच प्रत असावी तसे.

शिक्षकांना पुढची गोष्ट विशेष आवडेल. ॲमस्टरडॅममधील प्राध्यापक डिक ग्रुन आपल्या दोन विद्यार्थ्यांसह एक कंपायलर लिहीत होते. तिघांच्या वेळा जुळत नसत. म्हणून एकाच वेळी तिघांनाही काम करता यावे यासाठी त्यांनी १९८६ मध्ये ‘सीव्हीएस’ रचले. जगभर वर्षानुवर्षे वापरले गेलेले हे साधन गुरू-शिष्यांच्या वेळापत्रकातून जन्मले! त्यातील उणिवा दूर करण्यासाठी ‘सबव्हर्जन’ आले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ ची. या दोन्हींत इतिहास एका मध्यवर्ती संगणकावर असतो. नवी नोंद करायची तर त्याच्याशी संपर्क हवा.

एप्रिल २००५ मध्ये चित्र पालटले. लिनक्सचे कर्ते लायनस टॉरवाल्ड्स व त्यांचे सहकारी २००२ पासून ‘बिटकीपर’ हे खाजगी साधन फुकट वापरत होते. ती सवलत काढून घेतली गेली, तेव्हा टॉरवाल्ड्स यांनी ‘गिट’ लिहिले. त्याच महिन्यात मॅट मॅकॉल यांनी ‘मर्क्युरियल’ जाहीर केले. या दोन्हींत प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण इतिहास असतो. वीज गेली, नेट बंद पडले, तरी आपल्या लॅपटॉपवर नोंदी करत राहता येते आणि संपर्क आला की त्या इतरांकडे पाठवता येतात. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

गिटमध्ये प्रत्येक नोंदीत चार गोष्टी मुख्य असतात : त्या क्षणीचे सर्व फाइलींचे चित्र, आधीच्या नोंदीची खूण, करणाऱ्याचे नाव-वेळ आणि त्याने लिहिलेले कारण. या सगळ्यावर गणिती प्रक्रिया करून एक लांब अंक-अक्षरांची ओळख तयार होते; रूढ पद्धतीत ती ४० चिन्हांची असते. आतील एक अक्षर बदलले तरी ओळख बदलते. आधीच्या नोंदीची ओळख पुढच्या नोंदीत गुंफलेली असल्यामुळे जुना इतिहास गुपचूप बदलता येत नाही. शोधनिबंधातील तक्त्याखाली ही ओळख छापली, की ‘कोणती प्रत?’ हा प्रश्नच उरत नाही.

शोध : कोठे आहे आणि केव्हा आले

आता दुसरा वर्ग. केन थॉम्पसन यांची ‘ग्रेप’ ही आज्ञावली १९७० च्या दशकाच्या आरंभीची. ती फाइली ओळीमागून ओळ वाचते आणि दिलेला नमुना जेथे सापडेल ती ओळ दाखवते. लहान प्रकल्पाला एवढे पुष्कळ होते. मात्र दोन खाचखळगे ध्यानात ठेवावेत. ग्रेपच्या भाषेत टिंबाचा अर्थ ‘कोणतेही एक चिन्ह’ असा होतो, म्हणून २.५ शोधताना २१५ आणि २४५ हेही सापडतात. टिंब हे टिंबच समजावे, असे तिला वेगळे सांगावे लागते. दुसरे, ‘रिपग्रेप’सारखी नवी, अतिवेगवान साधने गिटला वगळायला सांगितलेल्या फाइली आपणहून वगळतात. ‘सापडले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घेण्यापूर्वी कोठे शोधले ते पाहावे.

मराठीचा एक खास खळगा आहे. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो : कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलंत जोडतो, तर कोणी र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतो. डोळ्यांना शब्द तोच; संगणकाला मात्र दोन वेगळे. एका प्रकाराने शोधले तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला शब्द सापडणार नाही. २.५ देवनागरी अंकांत की रोमन अंकांत, हाही तसाच प्रश्न. म्हणून गटाने आरंभीच लेखनाची एक रीत ठरवावी, नाही तर साधन कितीही महाग असले तरी शोध आंधळा राहील.

कोड लाखो ओळींचा झाला, की दर वेळी सर्व फाइली वाचणे परवडत नाही. तेव्हा पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची आधीच करून ठेवतात. एक हुशार रीत तीन-तीन चिन्हांच्या तुकड्यांची आहे. ‘परभणी’ शब्दाचे अक्षरांनुसार तुकडे पडतात ‘परभ’ आणि ‘रभणी’. कोणता तुकडा कोणत्या फाइलीत आहे, याची सूची असते. दोन्ही तुकडे असलेल्या फाइली तेवढ्या काढायच्या आणि फक्त त्याच वाचायच्या. वाचायच्या कशासाठी? कारण दोन तुकडे एकाच फाइलीत असूनही वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात. गूगलने २००६ मध्ये सुरू केलेली कोड शोधसेवा या तत्त्वावर चाले. २०१२ च्या आरंभी ती बंद झाली. तेव्हा रस कॉक्स यांनी तिची रीत लिहून प्रसिद्ध केली.

तिसरा प्रकार ‘सीटॅग्ज’सारख्या साधनांचा. ती नावांची सूची करतात. एखादे नाव पाचशे ठिकाणी वापरलेले असले तरी त्याची व्याख्या कोठे आहे, तेथे थेट नेतात.

इतिहास आणि शोध एकत्र आले, की खरे सामर्थ्य दिसते. गिटला आपण विचारू शकतो, ‘ही अक्षरे कोणत्या नोंदीत प्रथम आली किंवा गेली?’ माझे सहा आठवडे या एका प्रश्नाने वाचले असते. आणि नेमकी अक्षरेच माहीत नसतील तर? हजार नोंदींपैकी पहिली बरोबर होती, शेवटची चूक आहे. मधली तपासावी, ती बरोबर असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. दर वेळी निम्मे गळते. २ चा दहावा घात १०२४, म्हणून हजार नोंदींतून दोषी नोंद जास्तीत जास्त दहा तपासण्यांत सापडते. गिटमध्ये यासाठी तयार आज्ञा आहे.

निवड कशी करावी?

‘सर्वांत चांगले साधन कोणते?’ असे विचारू नये. आपले काम कसे आहे, ते विचारावे.

प्रश्नपत्रिका, सहलीचा खर्च, वार्षिकांकाचा मजकूर अशा कामांना सामायिक लेखन-सेवांत आपोआप राखला जाणारा इतिहास पुरेसा आहे. तेथे गिट शिकण्याचा हट्ट धरू नये.

आज्ञावली लिहायची असेल, तर एकट्याने असो वा गटाने, आज गिट घ्यावे. ते फुकट आहे, त्याची सवय असलेली माणसे सर्वाधिक भेटतात आणि विद्यार्थ्याला पुढे तेच लागते. आरंभी त्याची भाषा अवघड वाटते, हे खरे. पण रोजच्या कामाला पाच-सहा आज्ञा पुरतात.

मोठी छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे किंवा यंत्रांचे आराखडे असतील, तर विचार करावा. अशा फाइलींत ओळी नसतात. दोघांचे बदल एकत्र करता येत नाहीत आणि इतिहास फुगत जातो. तेथे फाइल ‘माझ्या हाती आहे’ अशी कुलूपबंद करण्याची सोय असलेले सबव्हर्जन, किंवा गिटला जोडायची मोठ्या फाइलींची व्यवस्था बरी.

इतिहास कोठे ठेवायचा, हा वेगळा प्रश्न आहे. गिट हे साधन. २००८ मध्ये सुरू झालेले गिटहब ही ते ठेवण्याची जागा. गिटलॅब आपल्याच संस्थेच्या संगणकावरही बसवता येते. जागा बंद पडू शकते. गूगलची प्रकल्प ठेवण्याची सेवा २०१६ मध्ये बंद झाली. बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियलला आधार देणे थांबवले. ज्यांच्याकडे इतिहासाची पूर्ण प्रत होती, ते निर्धास्तपणे दुसरीकडे गेले. म्हणून निवडीपूर्वी विचारावे : ‘उद्या येथून निघायचे झाले, तर इतिहासासह निघता येईल का?’

शोधाचे साधन मात्र घाईने घेऊ नये. आधी संपादकातील शोध व ग्रेप वापरावे. उत्तरासाठी थांबावे लागू लागले किंवा कोड अनेक प्रकल्पांत विखुरला, की मग सूची करणारे साधन बसवावे.

एक धोका विसरू नये. इतिहास काही विसरत नाही. विद्यार्थ्यांचे गुण, आधार क्रमांक किंवा परवलीचा शब्द चुकून नोंदीत गेला आणि दुसऱ्या दिवशी पुसला, तरी जुन्या नोंदीत तो राहतोच. असा शब्द लगेच बदलावा आणि अशी माहिती मुळात नोंदीत जाऊच देऊ नये.

करून पहा

वरील आठ नोंदींवर वर्गात दोन गट करावेत. एका गटाने अट बदलावी, दुसऱ्याने खंडाबरोबर त्याची पहिली तारीखही छापावी. मग दोन्ही बदल आधी हाताने, कागदावर, मूळ प्रत शेजारी न ठेवता एकत्र करावेत. नंतर मूळ प्रत ठेवून करावेत. समान पूर्वज म्हणजे काय, ते व्याख्येपेक्षा यातून चांगले समजेल. शेवटी तेच गिटने करावे.

नोंद करताना कारण लिहायला मुलांना अवश्य लावावे. ‘बदल केला’ हे कारण नव्हे. ‘हवामानशास्त्र विभागाच्या व्याख्येत २.५ मिलिमीटरचा दिवस पावसाचा धरतात, म्हणून अट सुधारली’ हे कारण. काय बदलले, ते यंत्र सांगते. का बदलले, ते माणसानेच लिहावे लागते. आज आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आली आहेत; अशा वेळी तर हे ‘का’ अधिकच जपायला हवे.

सेलूच्या त्या मुलांनी आता तसे लिहायला सुरुवात केली आहे. पावसाच्या वहीत मुले खाडाखोड करत नाहीत. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारून, शेजारी नवा आकडा आणि सही करतात. ही शिस्त त्यांना शिक्षकांनी केव्हाच लावली होती. आज्ञावलीलाही तीच लावायची, एवढेच नवे होते.